रेषा खाली सरकली, घर थंडच राहिलं: आयर्लंडमधली गरिबी मोजण्याचं एक प्रकरण

आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2009 च्या आकडेवारीत दोन ओळी एकमेकींच्या शेजारी बसल्या आहेत. पहिली सांगते की उत्पन्नाच्या रेषेखाली असलेल्या लोकांचं प्रमाण 2008 मध्ये 14.4 टक्के होतं, ते 2009 मध्ये 14.1 टक्के झालं. किंचित का होईना, पण गरिबी घटली. दुसरी ओळ सांगते की पैशाअभावी जगण्यातल्या किमान दोन साध्या गोष्टींना मुकलेल्यांचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांवरून 17 च्या घरात गेलं. देश एक, सर्वेक्षण एक, वर्षही तेच. आणि वर्ष कसलं, तर बांधकाम व्यवसाय कोसळलेला, बँका सरकारच्या गळ्यात पडलेल्या, बेकारी दोन वर्षांत दुपटीच्या वर गेलेली.

यातली खरी ओळ कोणती, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर आहे की दोन्ही खऱ्या आहेत. दोन्हींतलं गणित बरोबर आहे. तरीही दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्या वर्षी लोकांवर काय गुदरलं ते कळत नाही. वर्षानुवर्षांची गरिबी मोजायची असेल तर हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण आयर्लंडने हे दोन्ही मापदंड मुद्दाम जोडून वापरले. तेही एखाददुसऱ्या अहवालात नव्हे, सरकारच्या अधिकृत उद्दिष्टात.

आधी उत्पन्नाची रेषा कशी आखतात ते पाहू. घरातल्या सगळ्यांचं कर वजा जाता वर्षभराचं उत्पन्न एकत्र करायचं. मग घर किती माणसांचं आहे त्यानुसार त्याला भागायचं. आयर्लंडच्या पद्धतीत पहिल्या प्रौढाला 1, पुढच्या प्रत्येक प्रौढाला 0.66 आणि 14 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला 0.33 असं वजन आहे. म्हणजे आई, बाप आणि दोन लहान मुलं यांचं वजन 2.32. असं भागून आलेलं उत्पन्न देशातल्या प्रत्येक माणसाच्या नावावर लिहायचं, सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं करायचं आणि बरोबर मधल्या माणसाचा आकडा घ्यायचा. हा मध्यक. त्याचे 60 टक्के म्हणजे रेषा. 2009 मध्ये ती एका माणसाला वर्षाला 12,064 युरो होती, म्हणजे त्या चौघांच्या घराला साधारण 28 हजार.

युरोपीय संघाची वजनं थोडी वेगळी आहेत: दुसऱ्या प्रौढाला 0.5, मुलाला 0.3. वजन बदललं की मध्यक बदलतो, रेषा बदलते आणि तिच्याखाली कोण येतं तेही थोडं बदलतं. ‘गरीब’ हा शब्द कानाला पक्का वाटतो. पण तो अशा दशांश चिन्हांवर उभा आहे, हे विसरू नये.

या रेषेची मोठी अडचण म्हणजे ती फक्त आत काय येतं ते बघते. घरात साठवलेलं किती, डोक्यावर कर्ज किती, दुखण्यापायी महिन्याला किती जातात, याचा तिला पत्ता नसतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेचे अभ्यासक स्टाइन रिंगेन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गरिबीची व्याख्या करताना आपण राहणीमानाबद्दल बोलतो आणि मोजायला बसलो की उत्पन्न मोजतो. हे अप्रत्यक्ष मोजणं झालं. उत्पन्न कमी आहे आणि त्यापायी राहणीमानही खालावलेलं आहे, असं दोन्ही दिसलं तरच माणसाला गरीब म्हणावं.

डब्लिनमधल्या आर्थिक आणि सामाजिक संशोधन संस्थेत ब्रायन नोलन आणि ख्रिस्तोफर व्हेलन यांनी हा विचार आकड्यांत उतरवला. त्यांच्या हाताशी 1987 चं एक मोठं घरोघरचं सर्वेक्षण होतं. लोकांकडे काय नाही आणि ते का नाही, हे त्यात विचारलेलं होतं. त्यातून आठ मूलभूत गोष्टींची यादी निघाली. उत्पन्न रेषेखाली आणि या आठांपैकी किमान एक गोष्ट पैशाअभावी नाही, असं दोन्ही असेल तर त्या गरिबीला त्यांच्याकडे ‘कन्सिस्टंट पॉव्हर्टी’ म्हणू लागले. मी तिला दुहेरी कसोटीची गरिबी म्हणतो. 1997 च्या राष्ट्रीय दारिद्र्यविरोधी धोरणात सरकारने हीच कसोटी उद्दिष्टासाठी उचलली.

या यादीचा अर्थ कळायचा तर प्रश्न विचारला जातो त्या दारापर्यंत जावं लागतं. आज यादीत अकरा गोष्टी आहेत. मजबूत बुटांचे दोन जोड. पाऊस न शिरणारा उबदार कोट. जुने, कुणीतरी वापरलेले नव्हेत, तर नवे कपडे. दिवसाआड मांस, कोंबडी किंवा मासे असलेलं, नाहीतर त्या तोडीचं शाकाहारी जेवण. आठवड्यातून एकदा भाजलेल्या मांसाचं किंवा तशाच बरोबरीचं जेवण. घर पुरेसं उबदार ठेवणं. गेल्या वर्षात पैसे नाहीत म्हणून शेगडी किंवा हीटर बंद ठेवायची वेळ आली का. वर्षातून एकदा तरी घरच्यांना किंवा मित्रांना भेटवस्तू. मोडकं फर्निचर बदलणं. महिन्यातून एकदा कुणाला घरी जेवायला किंवा प्यायला बोलावणं. गेल्या पंधरवड्यात करमणुकीसाठी एखादी सकाळ, दुपार किंवा संध्याकाळ बाहेर.

प्रत्येक ‘नाही’नंतर पुढचा प्रश्न येतो: परवडत नाही म्हणून नाही, की दुसऱ्या काही कारणाने? सगळा भार या प्रश्नावर आहे. मांस न खाणारा माणूस वंचित नाही. पाहुणे आवडत नाहीत म्हणून कुणाला न बोलावणाराही नाही. पैशाने हात बांधले असतील तरच खूण करायची. कल्पना करा, एकटी राहणारी एक म्हातारी बाई दारात उभी आहे. कोट जुना, कोपरांवर विरलेला. सर्वेक्षक विचारतो, नवा का नाही घेतला? ती म्हणते, “मला कशाला हवा आता? आहे तो चालतोय.” सर्वेक्षक ‘दुसरं कारण’ या चौकटीत खूण करतो आणि पुढच्या प्रश्नाला लागतो. पंधरा वर्षं नवा कोट परवडला नाही की सोळाव्या वर्षी तो हवासाही वाटत नाही. वयस्कर माणसं अशी उत्तरं जास्त देतात, हे या क्षेत्रातल्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे जी गरिबी सर्वांत जुनी, तीच या प्रश्नातून निसटायची शक्यता अधिक. मला हा या मापदंडातला सर्वांत जिव्हारी लागणारा दोष वाटतो, आणि प्रश्नाची भाषा कितीही घासूनपुसून घेतली तरी तो पुरता जात नाही.

आता 2009 च्या आधीची गोष्ट, कारण तेव्हा नेमकं उलटं घडलं होतं. 1994 ते 2001 ही आयर्लंडची भरभराटीची वर्षं. बेकारी 15 टक्क्यांच्या आसपास होती, ती 4 पर्यंत उतरली. या काळात त्याच घरांना वर्षानुवर्षं भेटणारं एक पॅनेल सर्वेक्षण चालू होतं. त्यात मध्यकाच्या 60 टक्क्यांखालच्या लोकांचं प्रमाण 1994 मधल्या 15.6 वरून 2001 मध्ये 21.9 टक्क्यांवर चढलेलं दिसलं. याच वर्षांत दुहेरी कसोटीची गरिबी, तेव्हाच्या थोड्या वरच्या उत्पन्नरेषेने मोजली तर, 15 च्या आसपासून 5 च्या आसपास आली. पगार झपाट्याने वाढले, त्यांच्यासोबत मध्यक वर गेला, रेषाही वर गेली. पेन्शनवर आणि सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांची रक्कमही वाढत होती, पण पगारांच्या वेगाने नव्हे. त्यांच्या हातात आधीपेक्षा जास्त पैसा आला, घरं जास्त उबदार झाली, आणि तरी ती माणसं रेषेच्या खाली गेली.

यावर दोन तट पडले. एक म्हणे, गरिबी वाढली. दुसरा म्हणे, गरिबी संपत आली. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांनीही अर्धीच गोष्ट सांगितली असंही वाटतं. उत्पन्नाच्या रेषेने सांगितलं की समाज पुढे धावतोय आणि काही माणसं मागे पडताहेत. वंचिततेच्या यादीने सांगितलं की मागे पडलेल्यांच्या पायात निदान बूट आले आहेत. यातली कुठलीही बातमी दुसरीला रद्द करत नाही.

मात्र यादीत एक खोट होती आणि टीकाकारांनी ती नेमकी पकडली. आठ गोष्टी 1987 च्या पाहणीतून आलेल्या. देश झपाट्याने बदलला आणि यादी तिथेच राहिली, तर आकडा घटणारच. मग 2007 मध्ये यादी बदलली. दिवसभर धड जेवण न मिळणं आणि रोजच्या खर्चासाठी कर्ज किंवा थकबाकी होणं या दोन गोष्टी काढल्या. उबदार घर, भेटवस्तू, फर्निचर, पाहुणे आणि बाहेर घालवलेली संध्याकाळ या पाच गोष्टी आल्या. एकऐवजी दोन गोष्टी नसतील तर वंचित, असा नियम झाला. चार माणसांत मिसळता न येणं ही गरिबीच आहे, हे यात मान्य झालं, ते मला रास्त वाटतं. थकबाकीचा प्रश्न गेल्याची मात्र मला हळहळ वाटते. पुढच्याच वर्षी देशावर जे कोसळलं त्यात कर्जाचा वाटा सर्वांत मोठा होता.

आता पुन्हा 2009 कडे. रेषा मध्यकाला बांधलेली. मध्यक घसरला की तीही घसरते. 2008 मध्ये ती 12,455 युरो होती, 2009 मध्ये 12,064, आणि 2010 मध्ये 11 हजारांच्या आसपास. या घसरत्या रेषेशेजारी दोन माणसं उभी करून पाहू.

पहिली व्यक्ती पूर्ण हप्ते भरून मिळणाऱ्या सरकारी पेन्शनवर जगणारी. 2009 मध्ये हे पेन्शन आठवड्याला 230.30 युरो होतं, वर्षाचे साधारण 11,976. त्या वर्षीच्या रेषेच्या थोडं खाली. काहींना त्यावर इंधनभत्ता किंवा एकटं राहण्याचा भत्ता मिळे, तो बाजूला ठेवू. 2010 मध्येही पेन्शन तेच, 230.30. एक सेंट वाढला नाही. पण रेषा खाली आली आणि हीच व्यक्ती आता तिच्या वर. कागदावर ती गरिबीतून बाहेर पडली, आणि तिच्या स्वयंपाकघरात काहीही बदललं नाही. असे हजारो लोक रेषेच्या अगदी लगत राहत होते, त्यामुळे रेषा थोडी हलली तरी आकडा मोठा हले.

दुसरं घर बेकार भत्त्यावर आलेलं. प्रौढाचा पूर्ण भत्ता 2009 मध्ये आठवड्याला 204.30 युरो होता, 2010 मध्ये 196 झाला, 2011 मध्ये 188. पहिली कपात सुमारे 4 टक्क्यांची. त्याच वर्षी रेषा मात्र त्याच्या दुपटीच्या आसपास घसरली. म्हणजे या घराच्या हाती कमी पैसे आले आणि तरीही ते रेषेच्या जवळ सरकलं. रेषेखाली किती खोल आहे हे मोजणाऱ्या तक्त्यात हे घर सुधारलेलं दिसेल. हे वाचताना मला खरोखर अस्वस्थ वाटलं. आकडा खोटा नाही. पण एखाद्या मंत्र्याने त्या एका आकड्यावर समाधान मानलं असतं, तर त्या घरातल्या हीटरबद्दल त्याला काहीच कळलं नसतं.

यात आणखी एक गोम आहे. तेव्हा सर्वेक्षण मागच्या बारा महिन्यांचं उत्पन्न विचारत असे, पण वंचिततेचे प्रश्न बहुतेक त्या दिवसाबद्दल असत. समजा, एक गवंडी मे महिन्यात कामावरून कमी झाला आणि सप्टेंबरमध्ये सर्वेक्षक दारात आला. बारांपैकी आठ महिन्यांचे चांगले पगार हिशोबात येतात, घर रेषेच्या वर राहतं. पण घरात चार महिने पगार नाही. गृहकर्जाचा हप्ता तसाच आहे, आणि घराची बाजारातली किंमत त्यावरच्या कर्जाहून खाली आली आहे, म्हणजे विकून मोकळं होण्याची वाटही बंद. बायकोने तेलाची टाकी भरायचं पुढे ढकललं आहे. हे घर उत्पन्नाच्या तक्त्यात गरीब नाही, वंचिततेच्या तक्त्यात आहे. पुढच्या वर्षांत अशी घरं वाढत गेली. 2013 पर्यंत वंचितांचं प्रमाण 30 टक्क्यांवर पोचलं, उत्पन्नरेषेखालचं मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिलं.

दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तर? 2008 मध्ये 4.2 टक्के, 2009 मध्ये 5.5, 2013 मध्ये 8 च्या पुढे. या आकड्याची दिशा तरी लोकांच्या अनुभवाशी जुळते. पण 2008 चा हिशोब नीट पाहा. उत्पन्नाने गरीब 14.4, यादीने वंचित सुमारे 14, आणि दोन्हीकडे असलेले फक्त 4.2. रेषेखालच्या दर तिघांतले दोघे वंचित नाहीत, वंचितांतल्या दर तिघांतले दोघे रेषेखाली नाहीत. निव्वळ दुहेरी कसोटी धरली तर हे दोन्ही मोठे गट नजरेआड होतात.

दोन मापांत एवढी तफावत का, याचं बरंचसं उत्तर वेळेत आहे. उत्पन्न एका वर्षात वर-खाली होतं. शेतकऱ्याचं, छोट्या धंदेवाल्याचं, हंगामी कामगाराचं तर होतंच. वंचितता हळू येते आणि हळू जाते. काम सुटलं तरी गेल्या हिवाळ्यातला कोट अजून चांगला असतो. बँकेत थोडं असतं, भाऊ उसने देतो. तिसऱ्या वर्षी कोट विरतो, शिल्लक संपते, भावाकडे तोंड नेववत नाही. उलट बाजूनेही तसंच: काम मिळालं तरी पहिलं वर्ष देणी फेडण्यात जातं आणि फर्निचर मोडकंच राहतं. म्हणून मी वंचिततेच्या यादीकडे मागच्या चार-पाच वर्षांचा साठलेला गाळ म्हणून पाहतो. एका वर्षाच्या उत्पन्नातून जी लांबलचक गरिबी दिसत नाही, ती इथे तळाशी सापडते.

मग थेट लांबलचक उत्पन्नच का मोजू नये? युरोपीय संघ तेही करतो. यंदा रेषेखाली आणि मागच्या तीन वर्षांपैकी किमान दोन वर्षं रेषेखाली असेल, त्याला चिवट गरिबी म्हणतात. यासाठी तीच माणसं चार वर्षं सापडावी लागतात. 1994 मध्ये आयर्लंडच्या पॅनेलची सुरुवात सुमारे 4,000 घरांनी झाली. वर्षं सरत गेली तशी इतकी घरं गळली की 2000 मध्ये नवी घरं भरती करावी लागली. भाड्याचं घर सोडून गेलेले, नवरा-बायको वेगळे झालेले, कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेले पुन्हा सापडायला सर्वांत अवघड. ज्यांच्या आयुष्यात उलथापालथ जास्त, तेच यादीतून आधी गळण्याची भीती. शिवाय उत्पन्न सांगताना होणाऱ्या चुका दरवर्षी नव्याने होतात. त्यामुळे खरं तर सलग गरीब असलेलं घर एखाद्या वर्षी उगाच रेषेवर उडी मारताना दिसतं आणि ‘बाहेर पडलेल्यां’त मोजलं जातं. आयर्लंडचं पॅनेल ज्याचा भाग होतं, त्या युरोपीय पॅनेलवर अभ्यासकांनी पाहिलं की एका वर्षाच्या उत्पन्नापेक्षा अनेक वर्षांचं उत्पन्न वंचिततेशी जास्त जुळतं, पण तरीही पुरतं जुळत नाही. म्हणून यादीची गरज उरतेच.

काही माणसं यातल्या कुठल्याच मापात येत नाहीत. सर्वेक्षण घरांत राहणाऱ्यांचं असतं. रस्त्यावर किंवा निवाऱ्यात राहणारे, आश्रयाची वाट बघत सरकारी केंद्रांत ठेवलेले त्यात नाहीत. घरांतही उत्तर बहुधा एकच प्रौढ देतो आणि ते सगळ्यांचं धरलं जातं. मुलांना बूट मिळावेत म्हणून स्वतःचे न घेणाऱ्या आईचं वेगळं माप त्यात नाही. आणि दुहेरी कसोटीने वर्षानुवर्षं सर्वांत वाईट आकड्यांत एकट्या पालकाची घरं येतात, हे इथे लक्षात ठेवलं पाहिजे.

उद्दिष्टांचा इतिहास मी शेवटी ठेवला, कारण माप कितीही चांगलं असलं तरी त्यापुढे काय होतं ते तिथे दिसतं. 1997 मध्ये ठरलं: दुहेरी कसोटीची गरिबी 9 ते 15 टक्के आहे, ती 2007 पर्यंत 5 ते 10 च्या खाली आणायची. आकडे जोडीने, कारण तेव्हा दोन उत्पन्नरेषा वापरात होत्या. भरभराटीत ते लवकर गाठलं, तेव्हा लक्ष्य 2 टक्क्यांवर आणलं, तेही 2007 पर्यंतच. त्या वर्षी नव्या यादीसोबत नवं लक्ष्य आलं: 2012 पर्यंत 2 ते 4, आणि 2016 मध्ये शून्य. मंदीनंतर 2012 मध्ये ते बदललं: 2016 पर्यंत 4, आणि 2020 पर्यंत 2 किंवा त्याहून कमी. पुढच्या आराखड्यात तेच 2 टक्के 2025 साठी लिहिले गेले. त्या म्हातारीला कोटाबद्दलचा तोच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातोय, आणि तिच्या उत्तरापुढच्या चौकटीही अजून तशाच दोन आहेत: परवडत नाही, किंवा दुसरं कारण.